एकावर धरलेला टेप

भिवंडीत घराची खिडकी चार दिवस उघडी राहिली की टेबलावर रुईचा पातळ थर बसतो. लूम कुठल्या गल्लीत, आपण कुठल्या गल्लीत, पण रुई येतेच. किश्श्यांचं तसंच आहे. आम्ही काही किस्से गोळा करायला जमलो नव्हतो, एक जुनं चर्च मोजायला जमलो होतो. दोन वर्षं दर रविवारी दुपारी मोजत बसलो. नकाशा एकच झाला, किस्से खंडीभर. लोक ऐकून हसतात. मीही हसतो, पण हल्ली सांगता सांगता एका ठिकाणी माझी गाडी अडते. ते ठिकाण आलं की तुम्हाला कळेलच.

आधी मी कोण ते सांगतो. गुप्ते, रिटायर्ड ड्राफ्ट्समन. जन्मभर गोडाऊनचे प्लॅन काढले. वळ गावच्या गोडाऊनच्या पट्ट्यातून जाताना बायकोला दाखवायचो, हे माझं, ते माझं. ती म्हणायची, "सगळी सारखीच तर दिसतात." खरंच होतं ते. लांबलचक आयत, पुढे शटर, कोपऱ्यात ऑफिस, मागे संडास. चाळीस वर्षांत हातून एक कमान काढली गेली नव्हती.

आणि मग फादरनी बोलावलं. फादर वसईकडचे, तरुण, या चर्चमध्ये नवीन आलेले. चर्च खाडीच्या अंगाला, पोर्तुगीजांच्या वेळचं म्हणतात. तिन्ही बाजूंनी लूमचे गाळे. बाहेर दिवसभर खटखट चालू, पण आत पाऊल टाकलं की साडेतीन-साडेतीन फूट जाडीच्या दगडी भिंती तो आवाज पिऊन टाकतात. वर लाकडाचं कमानदार छत. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं, निम्मी फुटलेली, तिथे पत्रा ठोकलेला. दारातून आत आलं की डोक्यावर लाकडी माळा. गाणारे त्या माळ्यावर उभे राहून गायचे. त्या माळ्याला वाळवी लागली होती. फादरना तो दुरुस्त करायचा होता आणि दुरुस्तीच्या परवानगीला नकाशा हवा होता. मी एका पायावर तयार झालो. कमान काढायला मिळणार होती ना!

*

मोकाशी माझे शेजारी. बँकेत क्लार्क होते. इतिहासाचं वेड इतकं की भाजीवालीलाही विचारतील, तुमचं मूळ गाव कुठलं. त्यांना मी टेपचं दुसरं टोक धरायला नेलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी इनासकाकांना गाठलं. इनासकाका म्हणजे चर्चमधले सगळ्यात जुने गाणारे. सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, ड्युटी करून आयुष्य काढलं आणि दर रविवारी माळ्यावरून गायले. चर्चला ते चर्च म्हणत नाहीत, त्यांच्या आजीसारखं देऊळ म्हणतात.

"किती जुनं असेल हे?" मोकाशींनी वही उघडून विचारलं.

"माझ्या आजीचं लग्न इथेच लागलं."

"त्याच्या आधीचं काही?"

"त्याच्या आधी आजीची नि माझी ओळख नव्हती."

मोकाशींनी वही मिटली. पण हार मानली नाही. मुख्य दारावर एक सपाट दगड होता. त्यावर चुन्याचे थर चढून चढून फुगलेले, पण उन्हात तिरकं बघितलं की खाली अक्षरं असल्यासारखी रेघ दिसायची. मोकाशी म्हणाले, शिलालेख. तीन रविवार ते शिडीवर बसून लाकडी कामटीने एकेक पापुद्रा काढत होते. खाली आम्ही शिडी धरून. घरी जाऊन त्यांनी पोर्तुगीज शब्दांची यादीसुद्धा करून आणली होती.

तिसऱ्या रविवारी अक्षरं निघाली. डांबराने लिहिलेली, स्वच्छ मराठीत. "रंग ओला आहे."

कुठल्या तरी सणाच्या आधी रंगाऱ्याने लिहिलं असेल आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने त्यावरच चुना मारला असेल. मोकाशी शिडीवरून उतरले आणि शांतपणे म्हणाले, "नोंद तरी झाली." इनासकाका दगडाला बोट लावून आले आणि बोट बघून म्हणाले, "वाळलाय."

*

आता टेपचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या टेपवर आहे.

माझा टेप तीस वर्षांचा. एकदा वळ गावात प्लॉट मोजताना त्याचं कडीचं टोक रस्त्यावर राहिलं आणि कंटेनरचं चाक त्यावरून गेलं. पहिला सगळा फूट चिंध्या. तो कापून टाकला. म्हणजे टेप सुरूच एकपासून व्हायचा. लोक म्हणाले नवीन घ्या. मी म्हटलं, हाताला बसलेली वस्तू आहे. मग नियम केला. एका माणसाने टोक एकावर धरायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा, आणि वहीत लिहिताना मी त्यातून एक वजा करायचा. वजाबाकी फक्त मी. याचा मला अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

एकदा मी चहा प्यायला बाहेर गेलो असताना मोकाशींनी मागे गंमत म्हणून फादरची उंची मोजली. पावणेसात फूट भरली. फादर तसे मध्यम बांध्याचे, पण तीन दिवस ताठ चालत होते. मी येऊन एक वजा केला तेव्हा म्हणाले, "गुप्तेसाहेब, तुम्ही थोडे उशिरा यायला हवं होतं."

*

नकाशा कागदावर घेतला आणि माझी झोप उडाली. चार भिंती जुळेनात. गोडाऊनला चार कोपरे असतात आणि ते काटकोनात असतात, एवढंच मला ठाऊक. इथे दाराकडची बाजू रुंद, वेदीकडची निमुळती, डावी भिंत सरळ, उजवी मधेच किंचित आत वळलेली. मी म्हटलं माझंच चुकलं. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मोजलं, चौथ्यांदा मोजलं. मोकाशींचे गुडघे बोलायला लागले.

शेवटी मी फादरना म्हणालो, "माझी मापं बरोबर आहेत. तुमचं चर्च वाकडं आहे."

इनासकाका मागेच उभे होते. म्हणाले, "वाकडं न्हाय. मान वळवून खाडीकडे बघतंय. पूर्वी माणसं होडीतून यायची, कोण येतंय ते बघायला नको?"

खाडी आता गोडाऊनच्या भरावामागे गेली आहे, चर्चमधून दिसतही नाही. पण मी नकाशात ती भिंत होती तशी वळवली. आयुष्यात पहिल्यांदा वाकडी रेघ मुद्दाम काढली आणि फार बरं वाटलं. तेव्हा चार-चारदा मोजलं, कारण चूक आपली असेल अशी धास्ती होती. ती धास्ती मी तिथेच सोडून आलो. या चर्चमध्ये कुठलंही माप येऊ शकतं, असं मी मनाशी धरून बसलो. माझं खरं नुकसान तिथे झालं.

*

मोकाशींच्या गुडघ्यांनी संप केला तेव्हा टेपच्या टोकाला यमुना आली. वज्रेश्वरीच्या पलीकडे डोंगराखालच्या पाड्यावरची. सकाळच्या एसटीने यायची, चर्चच्या भिंतींना लावायचा चुना मळायची आणि संध्याकाळच्या एसटीने जायची. चौथी शिकलेली, पण आकडेमोड तोंडावर. चुन्याला किती घमेली वाळू लागेल ते भिंतीकडे बघून सांगायची आणि शेवटचं घमेलं संपायचं तेव्हा भिंतही संपलेली असायची.

तिला पहिल्या दिवशी मी टेप घेऊन वेदीकडे जायला सांगितलं. ती सरळ जाईना. भिंतीच्या कडेकडेने वळसे घेत निघाली. टेप पार वाकडातिकडा.

"अगं सरळ ये ना!"

"कशी येऊ? हितं मानसं निजल्यात."

चर्चच्या फरशीत जुन्या थडग्यांचे दगड आहेत. त्यांवरून चालून चालून अक्षरं पुसली आहेत. आम्ही सगळे वर्षभर त्यांवरून बिनदिक्कत ये-जा करत होतो. फादरसुद्धा. तिला समजावलं की हे फार जुने आहेत, आता काही नाही. ती म्हणाली, "जुनी झाली म्हनून उठून गेली काय?"

शेवटी तिनेच तोड काढली. प्रत्येक दगडाशी वाकून फरशीला हात लावायची आणि म्हणायची, "जरा सरा बाबा, मोजून झालं की जातू." मग टेप न्यायची. हसलो आम्ही. पण त्या दिवसापासून इनासकाका कडेने चालायला लागले, मग मोकाशी, आणि एका रविवारी बघतो तर फादरही. माझीच चाल काही बदलली नाही. मला सरळ रेघेची सवय.

*

माळा बंद केला त्याचीही गंमतच. एक फळी पायाखाली मोडल्यावर फादरनी जिन्याला दोरी बांधली. इनासकाका दोरीखालून गेले. मग पाटी लावली, "वर जाऊ नये". इनासकाकांनी पाटीला छत्री अडकवली आणि वर गेले. फादरनी कुलूप लावलं. त्याच्या पुढच्या रविवारी फादर प्रवचन संपवून थांबले, तर वरून गाणं सुरू! सगळ्या माना वर. काका लाकडाच्या कठड्यापाशी डोळे मिटून गात होते. कुलूप कसं उघडलं ते अजून कोणाला कळलेलं नाही.

फादर माईकवर म्हणाले, "इनासकाका, खाली या."

वरून उत्तर आलं, "दोन कडवी राहिल्यात."

सगळं चर्च हसलं. फादरही हसले, आणि दोन कडवी होईपर्यंत घाम पुसत माळ्याकडे बघत राहिले. नंतर फादर रागावले तेव्हा काका मला साक्षीला घेऊन म्हणाले, "साहेब, तुम्ही मोजमापाचे माणूस. सांगा यांना. हे छत असं कमानदार कशाला केलंय? वरून गायलं की आवाज त्या कमानीला धरून वेदीपर्यंत जातो. खालून गायलं की माझ्याच पायावर पडतो."

ते अगदी खरं होतं. मी स्वतः करून बघितलं होतं, मोकाशींना वेदीपाशी उभं करून.

मग काका फादरना म्हणाले, "माळा नीट करा. एका सणाला मला वरून गाऊ द्या. मग मला खाली ठेवा, आणखी खाली ठेवा, माझी तक्रार न्हाय."

काकांचं वय बघता ते थट्टेत म्हणाले असं कोणालाच वाटलं नाही. फादर म्हणाले, पुढच्या सणाला नक्की. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "गुप्तेसाहेबांवर आहे सगळं."

*

माळ्याची मुख्य तुळई, म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारं जाड लाकूड, वाळवीने पोखरलं होतं. उतरवतानाच तिचे तुकडे झाले. मागे राहिल्या भिंतींतल्या दोन खोबणी. या खोबणीच्या तळापासून त्या खोबणीच्या तळापर्यंत माप घ्यायचं होतं. एवढंच काम. पाच मिनिटांचं.

त्याच दिवशी मुंबईहून आर्किटेक्चर कॉलेजची दहा-बारा मुलं-मुली चर्च बघायला आली. फादरनी ओळख करून दिली, "हे गुप्तेसाहेब. या चर्चचा दगडन्‌दगड यांना पाठ आहे."

झालं. हरभऱ्याच्या झाडावर चढलो मी. चाळीस वर्षं गोडाऊन काढणाऱ्या माणसापुढे वह्या उघडून मुलं उभी होती. मी त्यांना शिंपल्यांची तावदानं सांगितली, ऊन कसं गाळून आत येतं ते सांगितलं. चुन्यात गूळ का घालतात ते सांगितलं, जे मला यमुनेने सांगितलं होतं. भिंत मान वळवून खाडीकडे बघते ते सांगितलं, जे इनासकाकांचं होतं. सगळं माझंच म्हणून सांगितलं.

वर दोन परांच्या बांधलेल्या. एकीवर कॉलेजचा एक मुलगा टोक एकावर धरून, दुसरीवर यमुना टेप वाचायला. मी खाली, एका हातात वही, दुसरा हात छताकडे.

वरून यमुना म्हणाली, "बावीस!"

मी मुलांना म्हणत होतो, "आता ही कमान पाहा."

"साहेब, बावीस. मी एक काढलाय हां. तुमी बोलन्यात हाव म्हनून मीच काढला."

"हां, हां," मी म्हणालो, आणि बावीसमधून एक वजा करून वहीत एकवीस लिहिलं.

ऐकलं होतं मी. कानांनी ऐकलं होतं. अजूनही तिचा आवाज जसाच्या तसा ऐकू येतो.

घरी कागदावर घेताना एकवीस जरा कमी वाटलं. मनात म्हटलं, हे चर्च वाकडंच आहे, वर निमुळतं असेल.

*

तुळई शकूर मिस्त्रींनी शोधली. भिवंडीतले जुने सुतार. दोन पिढ्या लाकडी लूम दुरुस्त केले, लोखंडी लूम आल्यावर दरवाजे-खिडक्या करायला लागले. अंजूरला एक जुनी भाताची गिरण पाडत होते, तिथे त्यांना अख्खी सागाची तुळई मिळाली. टेम्पोतून उतरवली तेव्हा मिस्त्रींनी तिच्यावर हात फिरवला, वास घेतला आणि म्हणाले, "साहब, असा साग आता झाडावरपण नाय मिळणार."

मोजली. बरोबर बावीस फूट. कमी नाही, जास्त नाही.

"एकवीसवर काप," मी म्हणालो.

मिस्त्री तुळईकडे बघत राहिले. "साहब, मेरी मानो तो अभी रहने दो. वर चढवू, जागेवर लावून बघू, जास्त झाली तर तिथेच कापू. लकडी कापली की वाढत नाय."

इतकं साधं, सरळ बोलणं. पण मी ड्राफ्ट्समन, तो सुतार. मी नकाशा उलगडून त्याच्यापुढे धरला आणि म्हणालो, "मिस्त्री, हे चार-चारदा मोजलेलं चर्च आहे. ड्रॉइंगप्रमाणे कापायचं."

यमुना बाजूला चुना चाळत होती. तिने चाळण थांबवली. काहीतरी बोलणार होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

मिस्त्रींनी कापली. करवत अशी चालली की तुकडा खाली पडला तेव्हा कड आरशासारखी. बरोबर एक फूट लांबीचा तुकडा.

दुसऱ्या दिवशी चेनपुलीने तुळई वर नेली. सगळे जमले होते. फादर, चर्चच्या समितीची माणसं, इनासकाका तर कोट घालून आले होते. तुळई वर गेली, आडवी झाली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत झक्क बसली. फक्त टेकायला काही नव्हतं. दोन्हीकडच्या खोबणी रिकाम्या, सहा-सहा इंच आ वासून.

 बाहेरचे लूम तेवढे ऐकू येत होते, भिंती जाड असूनही.

त्या क्षणी मला बावीस आठवलं. "मी एक काढलाय हां" आठवलं. आणि मी काय म्हणालो ऐका. चारचौघांत, मोठ्या आवाजात म्हणालो, "मिस्त्री, कापायच्या आधी जागेवर लावून बघायला नको?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. समितीचे लोक लगेच मिस्त्रींकडे वळले. हल्लीचे कारागीर, घाई, हलगर्जीपणा. शकूर मिस्त्री माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. मी काय बोललो ते त्यांना नीट समजून घ्यायचं होतं, एवढंच.

"हाँ साहब," ते म्हणाले, "बघायला पायजे होतं."

त्यांनी हत्यारं पिशवीत भरली, पुली सोडून तुळई खाली उतरवून दिली आणि गेले. पुन्हा चर्चच्या कामाला आले नाहीत.

*

तसा साग पुन्हा मिळाला नाही. मोकाशी म्हणाले लोखंडी गर्डर टाकू, पण जुन्या चुन्याच्या भिंतीला तो झेपेल असं लिहून द्यायला कोणी पुढे येईना. मी तर नाहीच. भिंतीला दगडी तोडे बसवून त्यांवर टेकवू, खालून कैच्यांचा आधार देऊ, असं बोलणं झालं आणि बोलण्यातच वर्ष गेलं. मग समितीने ठरवलं की माळा नकोच. आता माईक आहे, कीबोर्ड आहे, तरुण पोरं वेदीपाशी उभी राहून छान गातात. उरलेल्या फळ्या काढल्या. खोबणी विटांनी बंद केल्या. माझ्या नकाशात मात्र माळा आहे. सुंदर काढलाय, सगळे म्हणतात.

इनासकाका तेव्हापासून गायचे थांबले. चर्चला यायचे, मागच्या बाकावर बसायचे. मला बघितलं की हात वर करायचे. मी त्यांच्या शेजारी बसायचं टाळायला लागलो.

यमुनेला एकदा विचारलं, "तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले व्हते की," ती म्हणाली. "परांचीवरून." आणि घमेलं उचलून गेली. मी तिला विचारायलाच नको होतं.

एका सकाळी मन घट्ट करून शकूर मिस्त्रींच्या गाळ्यावर गेलो. त्यांनी फळी पुसून बसायला दिली, चहा मागवला. नातवाच्या शाळेचं बोलले, माझ्या बायकोच्या शुगरचं विचारलं, पाणी किती दिवसांनी येतं ते बोलले. त्या तुळईबद्दल एक अक्षर नाही. मी घोट घोट चहा घेत होतो आणि दर घोटाला म्हणत होतो, आता सांगतो. कप रिकामा झाला.

"और, साहब? काही काम होतं?"

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

घरी परत येताना रिक्षात बसून मी स्वतःला काय काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. आपण इतके भित्रे आहोत हे साठीनंतर कळावं, याची लाज वाटते.

*

हा शेवटचा. यंदाच्या सणाचा.

चर्च भरलेलं होतं. वेदीवर झेंडूच्या माळा, पुढे माईकपाशी गाणारी पोरं, कीबोर्डवाला आवाज लावून बघतोय. मी उशिरा पोचलो आणि दारातून आत शिरलो तर उजव्या भिंतीशी, पवित्र पाण्याच्या दगडी कुंडीपाशी इनासकाका उभे. काळा कोट, केसांना तेल. बरोब्बर तिथे, जिथे वर माळा होता. शेजारी यमुना, नव्या लुगड्यात. तिला काकांनी जेवायला बोलावलं होतं.

काकांच्या पायाशी सागाचा एक तुकडा उभा ठेवलेला. मी तो लगेच ओळखला. अंगणात पडून होता, यमुना त्यावर बसून भाकरी खायची, मग एक दिवस दिसेनासा झाला होता. आता त्याला रंधा मारलेला, कडा गोल केलेल्या, तेल पाजलेलं. असा रंधा भिवंडीत एकच माणूस मारतो.

"गुप्तेसाहेब," काका हळूच म्हणाले, "टेप हाय काय?"

टेप माझ्या पिशवीत असतोच.

"याची उंची सांगा जरा."

लोक बघत होते. मी वाकलो. टेपचं टोक फरशीवर एकावर धरलं आणि वर वाचलं. दोन.

"एक फूट," मी म्हणालो.

"एकदाच वजा केलात ना?"

यमुना दाराबाहेर बघत होती. मी मान डोलावली. 

"मग ठीक हाय," काका म्हणाले. "हात द्या."

मी हात दिला. ते तुकड्यावर चढले, कुंडीला धरून नीट उभे राहिले, छताकडे एकदा बघितलं आणि माईकवाल्या पोरांच्या आधी गायला लागले.